पाठ असलेल्या गाण्यांतून रागशास्त्र शिकताना: एक पेटी, एक वही, डझनभर गाणी

भजनी मंडळात मी पेटीला बसायला लागलो तेव्हा मला सरगम येत नव्हती. गाणं ऐकायचं, पट्ट्या चाचपडायच्या, सापडलं की वाजवायचं, एवढीच विद्या. एका एकादशीला 'इंद्रायणी काठी' रंगात आलं होतं. गाणाऱ्यांचा सा काळी एक. वर चढताना माझं बोट पांढरी सातवर पडायला हवं होतं, ते पडलं शेजारच्या पांढरी एकवर. पांढऱ्या पट्ट्या एक ते सात मोजतात, सातनंतर पुन्हा एक. या दोन पट्ट्या एकमेकींना खेटून असतात, मध्ये काळी नाही. चूक सहज होते. गाणं थांबलं नाही, पण पखवाजावरच्या बुवांनी मान वर करून पाहिलं आणि नंतर चहाच्या वेळी म्हणाले, "आळंदीची गाडी पकडलीत आणि पटदीपला उतरलात की हो!"

बाकीचे हसले. मीही हसलो, कारण न हसण्याची सोय नव्हती. पटदीप हे कुठलं गाव, हे मला कळलं नव्हतं.

त्याआधी रागशास्त्राचं पुस्तक मी दोनदा उघडून मिटलं होतं. औडव, षाडव, वादी, संवादी, पूर्वांग, उत्तरांग. व्याख्या पाठ व्हायच्या, पण त्यांचा आवाज कानात उमटायचा नाही. बुवांच्या त्या एका वाक्याने जे झालं ते पुस्तकाने झालं नव्हतं, कारण चूक माझ्या हाताने झाली होती आणि गाणं माझ्या ओळखीचं होतं. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: शास्त्रातला कुठलाही शब्द वहीत तेव्हाच लिहायचा, जेव्हा तो एखाद्या पाठ असलेल्या गाण्यात नेमका कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येईल. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या गळ्यात भावगीतं, अभंग, नाट्यपदं, हिंदी सिनेमाची गाणी मिळून दोनतीनशे चाली तरी असतातच. धडे तिथेच आहेत, फक्त पानांवर क्रमांक घालायचे राहिलेत.

सामान थोडं लागतं. पेटी असेल तर उत्तम. नसेल तर फोनवरचा कीबोर्ड चालतो. तानपुऱ्याचं एखादं फुकट अ‍ॅप आणि दोनशे पानी वही. वही रेघी घ्या, चौकटीची नको. मात्रा मांडायला चौकटी बऱ्या वाटतात, पण त्यात शब्द कोंबताना जीव जातो.

आधी स्वतःचा सा

तानपुरा लावा. पुरुषांनी पांढरी एक किंवा काळी एकपासून सुरुवात करावी, बायकांनी काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. (सुरांची पूर्ण नावं: सा म्हणजे षड्ज, रे रिषभ, ग गंधार, म मध्यम, प पंचम, ध धैवत, नि निषाद. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला सूर, तार म्हणजे वरच्या.) सा धरा, तिथून सावकाश खाली मंद्र पंचमापर्यंत उतरा, मग वर तार सापर्यंत चढा आणि जमल्यास त्यापुढे गंधार-मध्यमापर्यंत. खाली आवाज विरत नसेल आणि वर मानेच्या शिरा ताणल्या जात नसतील तर ती तुमची पट्टी, म्हणजे तुमच्या साची जागा. अर्धा सूर इकडे-तिकडे झाला तरी बिघडत नाही. पण एकदा ठरवल्यावर महिनाभर बदलू नका. कानाला घर ओळखू द्या.

रेकॉर्डबरोबर गाऊ नका. हे थोडं विचित्र वाटेल, पण रेकॉर्डची पट्टी गायकाची असते, तुमची नसते, आणि मूळ आवाजाच्या आधाराने आपल्या चुका झाकल्या जातात. गाणं आठवणीतून, आपल्या पट्टीत, तानपुऱ्यावर गायचं. रेकॉर्ड नंतर ताडून पाहण्यासाठी.

गाण्याचा सा

ही खरी पहिली पायरी, आणि इथे सगळ्यात जास्त माणसं घसरतात. गाणं ज्या सुरावर सुरू होतं तो सा, असा समज असतो. तसं नसतं. यमनातल्या कितीतरी चाली मंद्र निषादावरून उठतात. सा म्हणजे गाणं जिथे घरी येतं तो सूर.

शोधायची रीत अशी. मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, एकदा पूर्ण म्हणा आणि थांबा. आता शब्द सोडून नुसता हुंकार द्या, जिथे मनाला 'आलो बाबा' असं वाटेल तिथे. तो सूर पेटीवर शोधा आणि ती पट्टी दाबून ठेवूनच पूर्ण कडवं म्हणा. गाणं त्या सुरावर निवांत बसलं पाहिजे. पंचम इथे फसवतो, कारण सा आणि प यांची जोडी इतकी गोड असते की पंचमच घर वाटायला लागतो. शंका आली तर दोन्ही सूर आळीपाळीने धरून तोच मुखडा म्हणा. चुकीच्या सुरावर गाणं सुंदर लागेल, पण संपलं असं वाटणार नाही, पुढे काहीतरी यायचं राहिलं असं वाटत राहील.

हे दहा गाण्यांवर करा. फक्त सा शोधायचा, बाकी काही नाही. मला याला दोन आठवडे लागले आणि त्या दोन आठवड्यांत मी जेवढं शिकलो तेवढं पुढच्या दोन महिन्यांत शिकलो नाही.

पाच काळ्या पट्ट्या

आता पेटीजवळ या. काळ्या पट्ट्यांचे गट दिसतील: दोनाची जोडी, मग तिघींची तिकडी. जोडीतल्या काळी एक आणि काळी दोन. तिकडीतल्या काळी तीन, चार आणि पाच. काळी तीनला सा माना आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर चढा. पाच सूर झाले की पुढचा तार सा.

तुम्ही भूप वाजवलात. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, सगळे सूर शुद्ध. पाच सुरांचा म्हणून 'औडव'. हा शब्द आता वहीत लिहायला हरकत नाही. सहा सुरांचा षाडव, साताचा संपूर्ण.

याच पट्ट्यांवर 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' काढून पहा. 'गीतरामायणा'तलं हे पहिलं गीत. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गाण्यांची मालिका सुरू झाली, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल. बाबूजींनी आरंभाला भूप घेतला. बोटं अडखळली तरी थांबू नका. एखाद्या ठिकाणी पांढरी पट्टी दाबावीशी वाटली तर बहुतेक वेळा ऐकण्यात नाही, आठवण्यात गडबड असते. दुसरं गाणं 'सुजन कसा मन चोरी'. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'मधलं पद, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. तेही भूपातलं. एक भावगीताच्या अंगाचं, एक बालगंधर्वांच्या गायकीचं, पण सुरांचा ऐवज तोच.

आता गंमत बघा. पट्ट्या त्याच पाच ठेवा, फक्त घर बदला.

काळी पाचला सा माना आणि काळ्यांवरच चढा. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. (कोमल म्हणजे शुद्ध सुराहून अर्धा सूर खालचा.) हा मालकंस. 'बैजू बावरा'तलं (१९५२) 'मन तडपत हरि दर्शन को आज' इथे सापडेल. एक लक्षात ठेवा, मालकंसात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावतात; अ‍ॅपमध्ये तसं बटण असतं.

काळी एकला सा मानलात तर दुर्गा: सा रे म प ध. काळी चारला मानलात तर मधमाद सारंगाचे सूर: सा रे म प आणि कोमल नि. काळी दोनला मानलात तर धानी: सा, कोमल ग, म, प, कोमल नि.

याला मूर्च्छना म्हणतात. पुस्तकात या शब्दाची अर्धा पान व्याख्या असते. इथे एका बोटाने काम झालं. राग नुसत्या पट्ट्यांत नसतो, त्या पट्ट्यांचं घराशी असलेलं अंतर म्हणजे सुरांची नावं, हे एकदा हाताला कळलं की अर्धी लढाई जिंकली.

लिहायचं कसं

विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईतले वकील. खाँसाहेब, पंडित, संस्थानिकांचे गवई यांच्याकडून त्यांनी बंदिशी गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. त्यांचा रागशास्त्रावरचा मोठा ग्रंथ तर मराठीतच लिहिलेला आहे, गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात. आपल्याला त्यांची लिपी पुरेशी आहे. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र (म्हणजे अर्धा सूर वर चढलेल्या) मध्यमावर उभी रेघ, मंद्र सुराखाली टिंब, तार सुरावर टिंब. सूर लांबला तर पुढे आडवी रेघ.

सुरुवातीला पूर्ण गाणं लिहायला बसू नका. फक्त मुखड्याची एक ओळ. वर सूर, खाली अक्षरं. अक्षर कुठल्या सुरावर सुरू होतं आणि कुठल्या सुरावर थांबतं, यातला फरक कळायला लागेल. जिथे गायक थांबतो, त्या सुराभोवती वर्तुळ काढा. ही वर्तुळं पुढे फार कामाला येणार आहेत.

आळंदी आणि पटदीप

आता त्या एकादशीकडे येऊ.

'इंद्रायणी काठी' हे 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज भीमसेन जोशींचा, राग भीमपलास. भीमपलासात गंधार आणि निषाद कोमल. चढताना रे आणि ध वगळायचे, उतरताना सातही सूर. म्हणजे:

नि॒ सा ग॒ म प नि॒ सां
सां नि॒ ध प म ग॒ रे सा

(खाली आडवी रेघ म्हणजे कोमल.) सा काळी एक धरलात तर रे काळी दोन, कोमल ग पांढरी तीन, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच आणि कोमल नि पांढरी सात. वाजवा. मग गाणं काढा. मध्यमावर गाणं किती वेळा टेकतं, याकडे लक्ष ठेवा. तुमची वर्तुळं बहुतेक तिथेच जमतील. मध्यम हा भीमपलासाचा वादी सूर, आणि वादी म्हणजे काय हे तुम्ही आत्ता मोजून पाहिलंत. याच रागाचं हिंदीतलं गाणं हवं असेल तर 'मेरा साया'मधलं (१९६६) मदनमोहनांचं 'नैनों में बदरा छाए'.

आता एकच पट्टी बदला. पांढरी सात सोडा आणि तिच्या शेजारची, तार साच्या अगदी पायथ्याशी असलेली पांढरी एक घ्या. म्हणजे कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद:

नि सा ग॒ म प नि सां
सां नि ध प म ग॒ रे सा

हा पटदीप. 'संन्यस्त खड्ग' नाटकातलं, मास्टर दीनानाथांनी गाजवलेलं 'मर्मबंधातली ठेव ही' याच रागातलं. 'शर्मिली'मधलं (१९७१) सचिनदेव बर्मनांचं 'मेघा छाये आधी रात' हेही.

चार दिवस फक्त एवढंच करा. पहिले दोन दिवस 'इंद्रायणी काठी', पुढचे दोन 'मर्मबंधातली'. मग पाचव्या दिवशी एकामागून एक. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे पंचमावरून तार साकडे जातानाचा टप्पा. भीमपलासात कोमल निषादावरून वर जाताना सा अजून एक अख्खी पायरी लांब असतो, त्यामुळे निषादावर रेंगाळता येतं. पटदीपात शुद्ध निषाद साला इतका चिकटलेला असतो की तिथे उभं राहणं म्हणजे उंबरठ्यावर उभं राहून आत न जाणं. ओढ लागते. त्या गाण्यातली आर्तता कुठून येते असं कोणी विचारलं तर मी त्या पांढरी एककडे बोट दाखवेन. शब्द, आवाज, तालीम सगळं आहेच, पण ती पट्टी काढून घ्या आणि पहा काय उरतं.

मुद्दाम चूक करून पाहणं हा माझ्या मते सर्वांत चांगला अभ्यास. 'इंद्रायणी काठी' शुद्ध निषाद घेऊन म्हणा. घरचे 'काय झालं?' विचारतील. त्यांना राग माहीत नाही, पण गाडी भलतीकडे गेली हे त्यांनाही कळतं. कान सगळ्यांना असतो. आपण फक्त त्याला नावं पुरवतोय.

सूर तेच, राग वेगळा

एका सुराने राग बदलतो हे झालं. आता उलट बाजू: एकही सूर न बदलता राग बदलतो.

भूप आणि देसकार. दोघांचे सूर सा रे ग प ध. भूपाचा वादी गंधार, संवादी (वादीच्या खालोखाल महत्त्वाचा सूर) धैवत, संध्याकाळचा राग. देसकाराचा वादी धैवत, संवादी गंधार, सकाळचा. भूप खालच्या अर्ध्यात, म्हणजे पूर्वांगात, रमतो. देसकार वर, उत्तरांगात, धैवत-पंचम-तार सा यांच्या सावलीत.

वाचताना हे सगळं कोरडं वाटतं. म्हणून 'भाभी की चूडियां'मधलं (१९६१) 'ज्योति कलश छलके' घ्या. बाबूजींची चाल, लताबाईंचा आवाज. हे भूपात की देसकारात, यावर मैफलीनंतरच्या गप्पांत हमखास वाद होतो. तुम्ही वादात पडू नका, मोजा. वहीत दोन रकाने करा: गंधार आणि धैवत. गाणं ऐकताना जिथे जिथे थांबा येतो तिथे योग्य रकान्यात रेघ मारा. मग हाच खेळ 'स्वये श्री रामप्रभू'वर करा. दोन्ही पानं शेजारी ठेवा. उत्तर मी सांगत नाही. तुमच्या रेघा सांगतील आणि कदाचित माझ्यापेक्षा वेगळं सांगतील. वाद का होतो हे कळणं, निकाल लागण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

इथेच थाटांबद्दल एक तक्रार नोंदवतो. भातखंड्यांनी राग दहा थाटांत, म्हणजे सात-सात सुरांच्या दहा साच्यांत, मांडले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. परीक्षेला हे लागतं, पाठ करावं. पण भूप कल्याण थाटात आणि तेच पाच सूर असलेला देसकार बिलावल थाटात! भूपात तर मध्यमच नाही, मग तीव्र मध्यमाच्या थाटात तो गेला कसा? त्याचं चलन, म्हणजे सुरांवरून फिरण्याची रीत, यमन-कल्याणाच्या जवळचं म्हणून. पटदीपात निषाद शुद्ध, तरी तो कोमल निषादाच्या काफी थाटात बसवतात. म्हणजे थाट हे कपाटाचे कप्पे आहेत, कपडे नीट ठेवण्यासाठी. कपडा कसा शोभतो हे कप्प्यावरून कळत नाही. नवख्या माणसाने थाटांपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यमन, आणि एक चोरटा मध्यम

यमनाशिवाय या अभ्यासाला अर्थ नाही, पण मी तो मुद्दाम चौथ्या क्रमांकावर ठेवतो. सात सूर एकदम घेतले की कान गोंधळतो.

सगळे सूर शुद्ध, फक्त मध्यम तीव्र. चढताना सा आणि प टाळून जायची पद्धत: नि रे ग म॑ ध नि सां. गाताना हे करून बघा. सुरुवातीला पायरी चुकल्यासारखं वाटतं, मग तीच चाल अंगवळणी पडते. वादी गंधार, संवादी निषाद. 'अनपढ'मधलं (१९६२) 'जिया ले गयो जी मोरा सांवरिया' आणि 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' ही जोडी घ्या. आधी सिनेमाचं, मग नाटकाचं. सिनेमाच्या गाण्यात रागाचा चेहरा एका ओळीत दिसतो. नाट्यपदात त्याच चेहऱ्याचे भाव बदलताना दिसतात, कारण गायकाला फिरायला जागा असते.

मग 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' ऐका. यमनच वाटेल, पण मध्येच कुठेतरी गंधाराला लागून शुद्ध मध्यम हळूच डोकावतो आणि परत गंधारावर येतो. ती जागा सापडेपर्यंत ऐका. सापडली की तिथे रेघ ओढा. दोन गंधारांच्या मध्ये असा शुद्ध मध्यम आला की यमनाचा यमन कल्याण होतो. मला ती जागा सापडायला बरेच दिवस लागले, आणि सापडल्यावर गाण्यातलं सांत्वन जास्त पटलं. कसं ते सांगता येणार नाही.

ताल: हातावर, तोंडाने नाही

तालाला मी कमी जागा देतोय, कारण तो वाचून येत नाही. हातावर घ्या.

आधी आठ मात्रा. 'नाच रे मोरा' म्हणत मांडीवर एकसारखे ठोके द्या आणि आठ मोजा. हा केरवा, मंडळातला भजनी ठेकाही आठ मात्रांचाच. मग सहा: 'अजीब दास्तां है ये' म्हणत एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. अंग डुलायला लागेल, तो दादरा. पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली, म्हणजे हात उलटा.

मग त्रिताल, सोळा मात्रा. एक, पाच आणि तेरा या मात्रांवर टाळी, नऊवर खाली.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

'कोहिनूर'मधलं (१९६०) 'मधुबन में राधिका नाचे रे' लावा. शब्द ऐकू नका, तबल्याचा डग्गा ऐका. डग्ग्याची घुमक नाहीशी होऊन आवाज चाटीपुरता कोरडा होतो तिथे खाली. खाली सापडली की आठ मात्रांनी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. समेवर मुखड्याचं कुठलं अक्षर येतं, ते वहीत वर्तुळात लिहा. गाणं समेपासून सुरू होतं असं धरून चालू नका; बहुतेक चाली आधी उठतात आणि समेवर येऊन आदळतात. मजा तीच असते.

रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन: ती ती ना । धी ना । धी ना. याची सम खालीवर असते, टाळीवर नाही. 'सरफरोश'मधल्या (१९९९) जगजीत सिंगांच्या 'होशवालों को खबर क्या'वर सात मोजून पहा. पाचसहा वेळा आठ होतील. होऊ द्या.

गाण्याकडून ख्यालाकडे

ज्या रागातली तीन गाणी हाताखालून गेली, त्या रागाचा ख्याल, म्हणजे मैफलीत राग विस्ताराने मांडणारं शास्त्रीय गायन, ऐकायला घ्या. त्याआधी नको, कंटाळा येतो आणि मग 'शास्त्रीय आपल्याला झेपत नाही' असा ग्रह होतो. क्रम असा: हिंदी किंवा मराठी गाणं, मग नाट्यपद, मग छोटा (जलद लयीचा) ख्याल, शेवटी बडा (संथ लयीचा) ख्याल.

बडा ख्याल ऐकताना पूर्ण ऐकायची शपथ घेऊ नका. पहिली सात-आठ मिनिटं ऐका आणि एकच काम करा: गायक नवा, वरचा सूर कधी दाखवतो ते टिपा. यमन असेल तर तीव्र मध्यमाची पहिली झलक कधी आली? पंचमावर मुक्काम कधी झाला? तार सा कधी लागला? गायक घाई करत नाही, घरातली एकेक खोली उघडून दाखवतो. तुम्हाला खोल्या आधीच माहीत आहेत, कारण गाण्यातून तुम्ही त्या धावत का होईना पाहिल्या आहेत.

आणि भैरवी. रे ग ध नि चारही कोमल, असं पुस्तक सांगतं. पण गवई भैरवीत बाराही सूर घेतात आणि तरी ती भैरवीच राहते. दूरदर्शनवर १९८८ साली सुरू झालेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा' भैरवीतलंच. ते तुमच्या गळ्यात नक्की असेल. भैरवीत शुद्ध रिषभ कुठे आला असं शोधायला लागलात की वही भरून जाईल, म्हणून ती सगळ्यात शेवटी. मैफलीतही ती शेवटीच असते.

इंटरनेटवर गाण्यांच्या रागांच्या याद्या सापडतात. उपयोगी आहेत, पण वेदवाक्य म्हणून मानू नका. संगीतकाराला राग दाखवायचा नसतो, गाणं करायचं असतं. मुखडा एका रागात आणि कडवं भलत्याच वाटेने, हे नेहमीचं. यादीत लिहिलेला राग हा अंदाज समजा आणि सूर लिहून ताडून पहा. ज्या ओळीत बाहेरचा सूर येतो ती ओळ सोडून देऊ नका. उलट तिथेच थांबा. संगीतकाराने नियम मोडला तो कुठल्या शब्दासाठी, हे बहुतेक वेळा कळतं.

ज्यांना परीक्षेची शिस्त लागते त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक आणि मग प्रवेशिका द्यावी. अभ्यासक्रमात नेमलेल्या प्रत्येक रागाची दोन ओळखीची गाणी आधी काढून ठेवलीत तर लेखीचे प्रश्न फार सोपे जातात. मात्र गुरू नसेल तर गळ्याचं काम अडेल, हे खरंय. पेटी सूर दाखवते, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड दाखवत नाही. पेटीची पट्टी दोन सुरांच्या मध्ये उभीच राहू शकत नाही. त्यासाठी माणूसच हवा.

शेवटचा गृहपाठ

'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यातलं 'घेई छंद मकरंद' तुम्हाला माहीत असेल. पण हे पद नाटकात दोन वेगळ्या चालींत येतं: एक धानीत, एक सालगवराळीत. शब्द तेच, राग दोन, गायकी दोन. या अभ्यासासाठी यापेक्षा नेमका नमुना मला मराठीत सापडलेला नाही.

दोन्ही लावा आणि धानीतली कुठली ते आधी कानानेच ओळखा. धानी तुम्ही आधी वाजवलीय. काळी दोनला सा धरा, भाता भरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून मुखडा काढा. एखाद्या जागी पांढरी पट्टी लागलीच, तर ती कुठल्या अक्षरावर लागली ते लिहून ठेवा. मग दुसरी चाल लावा, तेच शब्द खाली, नवे सूर वर, आणि बघा, पहिल्याच ओळीत कुठल्या अक्षरापासून वाट फुटते.